आत्तोबांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या

पुण्यात गेल्या तीसेक वर्षांत जेवढ्या पुठ्ठ्याच्या नळ्या रिकाम्या झाल्या असतील, त्यातल्या निम्म्या माझ्या आत्तोबांच्या हातून गेल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या बिबवेवाडीच्या घरात आहेत. आत्तोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. खडकीला नोकरीत असताना त्यांच्या टेबलावर आराखडे अशा नळ्यांतून यायचे, आणि आराखडा काढून नळी फेकणारा माणूस त्यांना चपला घालून देवघरात शिरणाऱ्यासारखा वाटायचा. निवृत्तीनंतर हा लोभ कापडाच्या दुकानांकडे वळला. ताग्यातलं कापड संपलं की दुकानदार आधी त्यांनाच फोन करतात, आणि आत्तोबा स्कूटरला नळी आडवी बांधून, निम्मा रस्ता अडवत घरी येतात. आत्याच्या पैठण्या नळीवर गुंडाळलेल्या, म्हणजे घडीवर जरीचा धागा तुटत नाही. वायरी नळीत, लाटणी नळीत, मिरचीची रोपं नळीच्या तुकड्यांत, आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली किल्ली सोडायला गॅलरीच्या गजांना बांधलेली एक लांबलचक नळी. एका जानेवारीत मी त्यांना नळीत घालून कॅलेंडर नेलं, तर त्यांनी नळी ठेवून घेतली आणि कॅलेंडर मला परत दिलं. "हे डिसेंबरात संपणार," म्हणाले, "नळी संपत नाही. शिवाय तिला दोन तोंडं आहेत, आणि एकानंही ती उगाच बोलत नाही."

उगाच बोलायचं काम ते स्वतः करतात, आणि तेही चालता चालता. हा माणूस बसलेला मी जवळजवळ पाहिलाच नव्हता. चहा उभ्यानं, पेपर फेऱ्या मारत, आणि लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या घासाला उठून वाढायला सुरुवात. एखादं वाक्य ते स्वयंपाकघरात सुरू करायचे, त्याचं क्रियापद गॅलरीत यायचं आणि प्रश्नचिन्ह जिन्यात. आत्या मागून "अहो, जरा टेका की" म्हणायची, तोवर स्कूटर सुरू झालेली असायची. बेचाळीस वर्षं असा संसार झाला.

मग आत्याला कमी ऐकू यायला लागलं आणि आत्तोबांची ही अर्धीमुर्धी वाक्यं हवेतच विरायला लागली. ते ओरडून बोलू लागले. "आज भाजी कोणती?" असं त्यांनी जिन्यातून विचारलं की वरच्या मजल्यावरच्या बाई "दोडका" म्हणून सांगायच्या. कानाचं मशीन आणलं, पण आत्यानं ते एक दिवस लावलं आणि शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवलं. आत्तोबांचा जीव कासावीस झाला. आठवडाभर त्यांनी घरातल्या नळ्या एकेक करून तिच्या कानाशी लावून पाहिल्या. शेवटी पडद्याच्या कापडाची एक हातभर नळी पसंत पडली. तिचं टोक घासून, वर मखमल चिकटवून त्यांनी ती कानाला लागेलशी केली, आणि आत्याला साध्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. अडचण एकच होती. नळीतून बोलायचं तर शेजारी बसावं लागतं. तेव्हापासून रोज पाच वाजता गॅलरीत दोन खुर्च्या, मध्ये नळी, आणि तासभर आत्तोबा चक्क बसलेले. एक पाय तेवढा सारखा हलत असतो.

मागच्या महिन्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. जिन्यात तीन पायऱ्या वर, दोन खाली करत म्हणाले, "तिला मशीन लावायला सांग. तुझं ऐकेल. मी गेल्यावर नळी कोण धरणार, सांग बरं?" एवढं बोलून ते भाजी आणायला निघून गेले. मी वर गेलो, तर आत्या पाठमोरी चहा टाकत होती. "आता हिला सांगायचं तरी कसं," मी स्वतःशीच पुटपुटलो.

"सांग की, ऐकतेय," आत्या मागे न वळता म्हणाली.

तिनं कानावरचे केस बाजूला केले. मशीन होतं. शिट्टीबिट्टी काही वाजत नाही, उत्तम चालतं, ते बाहेर पडले की लावते, असं तिनं शांतपणे सांगितलं. "त्यांच्यासमोर लावलं, तर हे पुन्हा जिन्यातून बोलायला लागतील," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांनी माणूस शेजारी बसलाय रे."

खाली स्कूटर थांबली. माझ्याआधी तिला ऐकू आलं. मशीन काढून तिनं डाळींच्या डब्यांमागे, नळीच्याच एका तुकड्यात ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली.

आत्तोबांनी दारातच मला खुणेनं विचारलं. त्यांच्या काळजीचं उत्तर माझ्याजवळ होतं, ते देता आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मी नुसती मान हलवली, म्हणजे आत्या नाही म्हणाली.

"हट्टी आहे," ते म्हणाले. भाजीची पिशवी तशीच दारात ठेवून त्यांनी नळी उचलली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. पाच वाजायला अजून अवकाश होता.