मीटर बघायला माणूस

डॉक्टर उल्हास बेहेरे यांनी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात तीस वर्षं माणसांना भूल दिली, आणि रिटायर झाल्यावर बंद पडलेल्या यंत्रांना शुद्धीवर आणायचा उद्योग आरंभला. यंत्रं तरी कसली, तर बागेतलं गवत कापायचे छोटे इलेक्ट्रिक ट्रॅक्टर, सत्तरच्या दशकातले, सहा बॅटऱ्यांवर चालणारे. असं काही कधी निघालं होतं हेच निम्म्या जगाला ठाऊक नाही. उल्हासरावांनी तीन धडधाकट केले. चौथा मात्र दोन वर्षं हटून बसला होता.

त्याचं दुखणं असं, की जॅकवर उचलला की चाकं गुणी बाळासारखी फिरत. जमिनीवर टेकवून, वर बसून लॉनच्या चढाला लावला की वीस पावलांत मान टाकायचा. म्हणजे दोष शोधायचा तर तो ओझं ओढत असतानाच. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मीटर धरून शेजारून चालायचं. आधीच्या तिन्ही वेळी मीटर त्यांच्या पत्नीच्या, अरुणाताईंच्या हातात असे. "सहा व्होल्ट! अजून सहाच! अहो, जरा हळू, मी काय तुमची स्टाफ नर्स आहे?" चौथा ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आला आणि महिन्याभरात अरुणाताई गेल्या.

नंतर काही आठवडे मराठी मंडळातल्या घरांतून डबे येत राहिले, आणि इथेच उल्हासरावांचं चुकलं. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईनं शिकवलेलं. म्हणून प्रत्येक डबा लख्ख घासून, त्यात साखर नाहीतर बदाम घालून, दुसऱ्याच दिवशी पोचता व्हायचा. तोही दारातूनच. "मी मजेत आहे, उगाच त्रास घेऊ नका." लोक बिचारे समंजस. डॉक्टरांना एकटं राहायचंय असं धरून त्यांनी डबे थांबवले.

शेवटचा डबा दोन गल्ल्यांपलीकडच्या सुचेता दामलेचा होता. ती फार्मसिस्ट, चाळिशीतली. "काका, काहीही लागलं तर जस्ट टेक्स्ट करा हं, एनी टाइम." उल्हासरावांनी चार-पाचदा मेसेज लिहिला आणि खोडला. दिवसभर राबून आलेल्या बाईला काय सांगायचं, की ये आणि माझ्या ट्रॅक्टरच्या बाजूनं चाल? मानी माणसांचा हाच तर वैताग असतो.

या मे महिन्यात त्यांनी एकट्यानंच तोड काढली. मीटर बॉनेटवर चिकटवला, त्याच्यासमोर फोन बांधून रेकॉर्डिंग लावलं आणि नजर समोर ठेवून सहा फेऱ्या मारल्या, दर बॅटरीची एक. ही युक्ती त्यांना पहिल्या आठवड्यातही सुचली असती. त्यांनी ती सुचू दिली नव्हती.

संध्याकाळी किचनमध्ये बसून रेकॉर्डिंग पाहिलं. चौथ्या फेरीत आकडा धाडकन कोसळला. चौथी बॅटरी पाचवीला जोडणारी पट्टी आतून गंजली होती, बस्स. पण आकड्यांबरोबर आवाजही आला होता. दर फेरीला, चढ लागला की, त्यांचाच. "किती दाखवतोय गं?" थोड्या वेळानं परत, "सांग ना, किती?" पुढे नुसती मोटरची घरघर. आपण असं बोललो हे उल्हासरावांना आठवतही नव्हतं. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि ते रडले, चांगलं आवाज करून, दोन वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी त्यांनी नवी पट्टी बसवली. ट्रॅक्टर चढ चढून वर गेला, वळला, खाली आला, पुन्हा गेला. कुठे अडखळला नाही. इतकं छान चाललेलं दाखवायला कोणी नव्हतं.

मग ते उतरले. पाना घेऊन नवी पट्टी काढली आणि गंजलेली परत लावली. हात धुऊन सुचेताला मेसेज लिहिला, आणि या खेपेला पाठवला. "ट्रॅक्टरचा दोष काही सापडत नाहीये. मीटर बघायला एक माणूस लागेल. शनिवारी येशील का? जेवायलाच ये."