लांब दाण्यांचं रबर

टेबल टेनिसमध्ये सामन्याआधी एकमेकींची बॅट बघायची रीत आहे. आपली बॅट समोरचीच्या हातात द्यायची, तिची घ्यायची, रबरावरून अंगठा फिरवायचा आणि परत करायची. बहुतेक जणी हे नावापुरतं करतात. मी मात्र नीट बघायची, कारण आमच्या सरांनीच ती सवय लावली होती. अकोल्याच्या त्या सामन्यात मी बॅट नीट पाहिली नसती तर फार बरं झालं असतं.

अमरावतीत आमच्या हॉलमध्ये दोन टेबलं होती. त्यातलं एक मधोमध फुगलेलं, त्यावर नवशिक्यांना पिटाळायचं. भारनियमनाच्या वेळा सांभाळून सर आम्हाला शिकवायचे, तेही फी न घेता. त्यांचा सगळा जोर सरळ, स्वच्छ खेळावर. लांब दाण्यांच्या रबराचं नाव काढलं तरी त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. त्या रबरावरून फिरकी उलटी होऊन परत येते. तुम्ही जीव तोडून चेंडू फिरवायचा आणि तुमच्याच मेहनतीने तुम्ही तोंडघशी पडायचं. "हा काई खेळ नाई, फसवाफसवी हाय," सर म्हणायचे, आणि मी नंदीबैलासारखी मान डोलवायची.

त्या वर्षांत आमच्याकडे खेळाला भलताच भाव आला होता. शेतीत राम उरला नाही हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि जो तो सरकारी नोकरीच्या मागे लागला होता. राज्य स्पर्धेत पदक मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता यायचा. माझे वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, कापसाचा धागा ओढून बघायचे आणि त्याची प्रत ठरवायचे. केंद्र बंद पडणार अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी मला सरळ सांगितलं, "यंदा संघात गेली त ठीक. नाई त पाहुणे बोलावतो." त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

विभागाच्या संघाची निवड अकोल्यात होती. शेवटच्या एका जागेसाठी मी आणि अकोल्याची एक मुलगी, अशा दोघी उरलो. आम्ही कधी एकमेकींना खेळताना पाहिलं नव्हतं. तिची बॅट हातात घेतली. एका बाजूला लाल, गुळगुळीत रबर. दुसऱ्या बाजूला काळं, लांब दाण्यांचं. ते असेल असं ऐकलं होतंच. पण रबर सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेलं होतं आणि मुठीजवळ त्याला तिरपा काप दिला होता, बोटाला कड लागू नये म्हणून. असा काप अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस द्यायचा. माझ्या बॅटलाही तोच होता. सर बाकावर बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

तिची सर्व्हिस म्हणजे डोकेदुखी होती. डावा हात आडवा धरून चेंडू झाकायची, तेव्हा ते चालायचं. हात दरवेळी सारखाच फिरे, पण एक चेंडू गच्च फिरकीचा यायचा आणि पुढचा अगदी कोरा. परतवला की ती बोटांतल्या बोटांत बॅट उलटी करून काळी बाजू पुढे आणायची. तरी तेवढं मी निभावलं असतं. पण तिचा प्रत्येक महत्त्वाचा चेंडू माझ्या उजव्या कोपरावर यायला लागला. चेंडू तिथे आला की फोरहँड मारू की बॅकहँड, यात माझा हात अडकायचा. हे माझं दुखणं मला आणि सरांना सोडून कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या गेममध्ये मी गुणांच्या बोर्डाकडे बघायचंही सोडून दिलं.

हरल्यावर बाहेर नळापाशी मी सरांना गाठलं.

"ते रबर तुमी लावलं?"

"हो."

"माया कोपराचंही तुमीच सांगितलं?"

"सांगितलं." त्यांनी नजर चुकवली नाही, हे मला जास्तच लागलं. "मी शनिवारी इकडं येतो शिकवाले. तिचं संघात खेळायचं वय यंदा संपते. घरी कमावणारं कोणी नाई. तुया घरी पगार येते, आन् तुले अजून वर्ष हाय. तू खेळाडू हायेस, पोरी. तू केव्हाई जाशीन."

"मले विचारलं काहून नाई?"

त्यांनी वाकून नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. माझं नशीब दुसऱ्या कुणाला देऊन टाकण्याइतका उदार माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

ती संघात गेली आणि संघाला पदक मिळालं. वडिलांचं केंद्र बंद पडलं, पाहुणे आले, आणि मी नांदगाव पेठेत कापड गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या घरी सून म्हणून गेले. सर लग्नाला आले होते. मी सगळ्यांच्या पाया पडले, त्यांच्या नाही. सासूने त्यावरून बरंच ऐकवलं. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, आता सोडून दे. मी सोडलेलं नाही.

मध्ये एका दाखल्यासाठी अकोल्याच्या कचेरीत गेले, तर खिडकीपलीकडे तीच. तिने लगेच ओळखलं. आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला, माझा कागद स्वतः साहेबांकडे नेऊन सही आणली. चांगली बाई आहे, तिच्याबद्दल वाईट बोलायला मला काही मिळालं नाही. निघताना मी विचारलं, "अजून खेळता?"

"नाई हो ताई," ती शिक्का मारता मारता म्हणाली. "मले त तो खेळ कधी आवडलाच नाई. ऑर्डर हाती आली त्याच दिवशी बॅट देऊन टाकली."