सफरचंदात बुडवलेला फडका

परदेशात, बॉथेल नावाच्या गावी माझ्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. तो हरणांची शिकार करायचा. सीझन जवळ आला की बाल्कनीत बसून सडकी सफरचंदं कुटायचा, त्यात काकवी आणि व्हॅनिला ओतून बरणी मुरायला ठेवायचा. त्यात बुडवलेला फडका रानात झाडाला टांगला की त्या वासावर हरणं येतात म्हणे. माणसाचा वास मात्र त्यांना लागता कामा नये, म्हणून शिकारीचे कपडे तो नुसत्या खायच्या सोड्यात धुवायचा.

वास लपवण्यात मीही काही कमी नव्हतो. फोडणीआधी ऑफिसचं जॅकेट कपाटात बंद आणि शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून खिडकीही बंद.

२००५च्या सीझनमध्ये तो लाँड्री रूममध्ये भेटला. बाल्कनीच्या कठड्याला बरणीत बुडवलेला फडका टांगलेला मी सकाळीच पाहिला होता, पण धुवायला त्याच्याकडे दोनच साधे शर्ट होते.

"या वर्षी शिकार नाही?"

"बंदूक विकली. बायको गेली मार्चमध्ये."

"मग तो फडका?"

"कुणीतरी यावं म्हणून."

शर्टाची घडी घालता घालता तो थांबला. "तू स्वयंपाक करतोस ना, तेव्हा खिडकी उघडी ठेवत जा. येऊ दे वास खाली."

मी हसून 'शुअर' म्हटलं.

पुढे दोन वर्षं मी तिथंच होतो. येताजाताना तो फडका दिसायचा. आणि रोज संध्याकाळी, मोहरी तडतडायच्या आत, माझा हात सवयीनं खिडकी लावून घ्यायचा.