घासलेली भांडी

सखूआत्या गटाराच्या तोंडाशी ओणवी झाली आणि ओंजळीने पाणी प्यायला लागली. भांडी धुतलेलं पाणी. त्यात चिंचेचा चोथा, राख, पितळेचा हिरवा मळ. सत्तरीची म्हातारी. देवळाच्या मागच्या ओट्यावर उभ्या असलेल्या ऑफिसरीणबाई ते बघून हसल्या.

"बघा, यांना गटारातलंही चालतं."

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. चौथीपर्यंत शाळा झाली माझी. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मान खाली जाते. लिहिताना जात नाही, म्हणून लिहिते.

अंबरनाथला पश्चिमेला कारखान्याच्या ऑफिसर लोकांची कॉलनी होती. तिच्या भिंतीमागे आमच्या पत्र्याच्या खोल्या. भिंतीच्या आत त्यांचं देवीचं देऊळ. नवरात्राच्या आधी देवळाची सगळी भांडी आमच्या बायका घासायच्या. समया, घंगाळं, पराती, घागरी. देवळात पाय टाकायचा नाही. मागच्या दारी ढीग ओतायचे, आम्ही उन्हात बसून घासायचं. मग कॉलनीवाले भांड्यांवर पुन्हा पाणी सोडायचे, गोमूत्र शिंपडायचे, तेव्हा कुठे ती आत जायची. का, तर आमचे हात लागलेले. माझ्या आईनेही हेच केलं होतं. मला ते खुपायचं, पण मी त्याला देवीची सेवा म्हणायचे. म्हटलं की खुपणं कमी व्हायचं.

त्या वर्षी आमच्या वस्तीचा नळ अकरा दिवस कोरडा होता. पाइप फुटलेला, दुरुस्तीला कुणी येईना. पहाटे स्टेशनकडच्या नळाला रांग लावली तर घरटी एक हंडा मिळायचा. पोरांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. बायका नळावर एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. एकीचा कान फाटला, डूल ओढला जाऊन.

दर मंगळवारी मी वस्तीत देवीची पोथी वाचायचे. वाचता येणारी बाई मी एकटीच. म्हणून बायका माझं ऐकायच्या. देवळाचं बघणाऱ्या त्या ऑफिसरीणबाई भिंतीशी आल्या आणि मला म्हणाल्या, "भांडी लख्ख करून द्या, मग आमच्या नळाचे दोन-दोन हंडे न्या."

मला वाटलं, देवीनेच धाडलं हिला. मी बायकांना गोळा केलं. म्हटलं, "आज स्टेशनच्या नळाला कुणी जायचं नाही. आज आईचं काम. भांडी उजळेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. ती आपल्याला तहानेलं ठेवायची नाही."

हे शब्द माझे. दुसऱ्या कुणाचे नाहीत. बारा जणींनी ते मानले.

सकाळी आठला बसलो. ऑक्टोबरचं ऊन. चिंचेने हाताच्या चिरा पेटल्या. दुपारी सखूआत्या म्हणाली, "पोरी, जीभ टाळूला चिकटली गं. देवीची आंघोळ होईल, माझी थुंकीपण आटली." बायका हसल्या. मी म्हटलं, "आत्या, थोडं ऱ्हायलं. थांब." ती थांबली. माझ्या सांगण्यावरून थांबली.

तीनला भांडी झाली. सोन्यासारखी. आम्ही रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिलो. बाईंनी वॉचमनला हाक मारली. त्याने नळाला लांब पाइप जोडला आणि सगळ्या ढिगावर पाणी सोडलं. एकदा. मग भांडी उलटी करून परत एकदा. अर्धा तास पाणी वाहिलं. आमच्या पायांमधून गेलं, गटारात गेलं. मग त्याने नळ बंद केला.

"टाकी संपली," बाई म्हणाल्या. "उद्या या."

तेव्हा सखूआत्या गटाराशी ओणवी झाली. तेव्हा बाई हसल्या.

माझ्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. मी हंडा खाली ठेवला, ओटा चढले आणि नळ फिरवला. पाणी आलं. भरघोस आलं. टाकी भरलेली होती. समोर देवीच्या घटाची घागर होती, दोनदा धुतलेली. मी ती भरली आणि सखूआत्याच्या तोंडाला लावली.

"अगं ए! घटाची घागर बाटवलीस! चार अक्षरं येतात म्हणून माजलीस?" बाईंनी हातातला तांब्या मारला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. मी परत नळाशी गेले, पाइप धरला.

"छोड! मेमसाब बोली ना, कल आना!" वॉचमनची काठी हातावर बसली. पहिल्या फटक्याला कळ गेली. दुसऱ्या फटक्याला बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. पाइप सोडला नाही. डाव्या हाताने परात उचलली आणि तिची कड त्याच्या गुडघ्यावर घातली. पुन्हा घातली. तो बसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग माझ्या तोंडून आवाज निघाला. पोथी वाचतानाही एवढा निघत नसे.

"भरा गं!"

बारा जणी ओट्यावर चढल्या. बाई देवळात पळाल्या आणि आतून कडी घातली. आम्ही सगळे हंडे भरले.

सखूआत्याला त्याच रात्री जुलाब लागले. गटाराचं पाणी आधीच पोटात गेलं होतं. चौथ्या दिवशी ती गेली. तिला काठीने मारलं नाही, तांब्याने मारलं नाही. तिला थांब म्हणणारी मी होते. हे मी बाईंच्या माथी मारून मोकळी होणार नाही. त्यांचं त्यांच्या माथी, माझं माझ्या.

पुढच्या मंगळवारी बायका पोथी ऐकायला आल्या. मी पोथी उघडली नाही. विचारलं, "घरात पाणी आहे का?" चार जणींकडे नव्हतं. म्हटलं, "हंडे घ्या. आधी पाणी, मग पोथी." आणि स्टेशनच्या नळाकडे मी पुढे झाले.

देवीवर माझा भरवसा आहे. होता त्याहून जास्त आहे. पण तिच्या नावाने तहानेल्या माणसाला थांब म्हणणार नाही. त्या देवळाचं भांडं आमच्या वस्तीतलं कुणी घासणार नाही, माझी लेक तर नाहीच. पुन्हा कुणी भरल्या टाकीला संपली म्हणालं, तर नळ मीच फिरवीन.

उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली. याच हाताने हे लिहिते आहे. डावा अजून सरळ आहे.