व्हर्लिन कोच आणि घाईची बादली

अमेरिकेत आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात व्हर्लिन ऑस्टरहाउस दोन वर्षांसाठी म्हणून अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, कोच झाला आणि सव्वीस वर्षं चिकटला. नुसता कोच कसला! मैदानावरच्या पांढऱ्या रेघा तोच मारायचा, संघाची बस तोच चालवायचा, फाटक्या जर्सी टीव्हीसमोर बसून तोच शिवायचा. मक्याची कापणी आली की निम्मा संघ शेतावर. मग हा पठ्ठ्या जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन ट्रॅक्टरच्या सावलीत कणसं मांडायचा आणि डावपेच समजावायचा.

शेजारच्या हॅडली कॉलेजला मात्र त्याने एकदाही हरवलं नव्हतं. शेवटी अध्यक्षा डॉ. लिंडग्रेन यांनी स्पष्टच सांगितलं, "यंदा हॅडलीशी जिंकलात तर राहा. नाहीतर मला दुसरा कोच बघावा लागेल."

नोव्हेंबरातला शनिवार. व्हर्लिनच्या संघाकडे चार गुणांची आघाडी, चार सेकंद बाकी. हॅडलीच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला आणि व्हर्लिनच्या पोरांना वाटलं, हॅडलीचे चारही प्रयत्न संपले, आता चेंडू आपला आणि सामनाही. जिंकल्यावर कोचच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतायची, ही रीत. संघातल्या दाराएवढ्या रुंद कोल्टरने ती अख्खी उपडी केली आणि सगळे नाचत मैदानात घुसले.

तो तिसराच प्रयत्न होता. पंचांनी शिट्टी मारली, सामना चालू असताना घुसल्याबद्दल पंधरा यार्डांचा दंड ठोकला. हॅडली आता शेवटच्या रेषेपासून वीस यार्डांवर, आणि एक प्रयत्न बाकी. चेंडू घेऊन रेषा ओलांडली की सहा गुण.

कोल्टर रडकुंडीला आला. "कोच, मी तुमची नोकरी घालवली."

व्हर्लिनच्या कॉलरमधून बर्फाचे खडे पाठीवर घसरत होते. ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि हसूच फुटलं.

"अरे गाढवा, सव्वीस वर्षांत इथे कुणी हॅडलीला हरवलंय का? बादली कधी ओतायची हे तुला शिकवणार कोण? जा आता! त्यांचा सतरा नंबर चेंडू घेऊन पळायच्या आधी हातमोजा ओढतो. ओढला की धर त्याला."

सतरा नंबरने हातमोजा ओढला. कोल्टर वाटेतल्या दोघांना ढकलून जो त्याच्यावर पडला, तो वेळ संपेपर्यंत उठलाच नाही. अख्खं गाव मैदानात उतरलं. म्हातारे शेतकरी टोप्या उडवत होते, कोण कुणाला मिठी मारतंय याचा पत्ता नव्हता.

डॉ. लिंडग्रेन चिखल तुडवत धावत आल्या. "कोच, पुढच्या वर्षी आहात ना?"

व्हर्लिनचे दात असे वाजत होते की शब्द फुटेना. दर हिवाळ्यात 'पुरे झालं, सोड आता' असं बजावणारी त्याची बायको मार्वा ब्लँकेट घेऊन पोचली होती. तिचे डोळे भरून आले होते. ब्लँकेट त्याच्याभोवती गुंडाळत तिनेच सांगून टाकलं,

"आहे तर! जातोय कुठे? या पोरांना अजून चारपर्यंत मोजता येत नाही."