शेजारच्या ओव्हनमधली नानकटाई

दिवाळीच्या आधी कोल्हापुरात बेकऱ्यांसमोर डबे घेऊन रांगा लागायच्या. मैदा, डालडा, पिठीसाखर आपली, भट्टी त्यांची. मी अकरावीत असताना आईनं हे सगळं सामान माझ्या हातात दिलं आणि नानकटाई भाजून आण म्हणाली. मी बाहेर पडले, आई आत वळलेली बघितली आणि शेजारच्या काकूंच्या घरात शिरले.

काकू नर्स होत्या. त्यांच्याकडे काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन होता आणि मला नानकटाई स्वतःच्या हातानं करायची होती. काकूंचं घर बौद्ध. आमच्याकडून त्यांना दरवर्षी फराळाचं ताट जायचं. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून आलेली खीर मात्र आई हसून घ्यायची आणि मागच्या दारानं गाईपुढं ठेवायची. मला हे माहीत होतं. मी त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तरी स्वतःला मोठी पुढारलेली समजत होते.

काकूंनी परातीत डालडा आणि साखर तळहातानं फेसायला लावली. मनगट भरून आलं तरी सोडेनात. मिश्रणाचा थेंब पाण्यावर तरंगला, तेव्हाच मैदा घालू दिला. वेलदोडा मी चिमूटभर घातला. आणखी घाल म्हणाल्या, पण मला घाई होती. झाकणातून नानकटाईला तडे जाताना बघून मी उड्या मारल्या, काकूही हसल्या.

घरी मी बेकरीतून आणल्या म्हणून सांगितलं. सगळ्यांनी चवीनं खाल्ल्या, आईनं तर चार.

दिवाळीला आई फराळाचं ताट घेऊन काकूंकडे निघाली. मला बरोबर यावंच लागलं. ताटात मधोमध त्याच नानकटाया. दारात उभी राहून आई कौतुकानं म्हणाली, "पोरीनं सोता रांगेत उभं राहून बेकरीतनं भाजून आणल्यात. खाऊन बघा की."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून माझ्या चपलांकडे बघत राहिले. या काकूंच्याच ओव्हनमध्ये भाजल्यात, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं.

काकूंनी एक नानकटाई उचलून तिथंच खाल्ली. मग मला म्हणाल्या, "बेकरीवाल्याला सांग, वेलदोडा जरा कमी पडलाय."

आई हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी त्या ओव्हनपाशी गेले नाही. काकूंनी बोलावलं नाही असं नाही, मलाच तोंड दाखवायची लाज वाटायची.

पुढं लग्न होऊन मी कागलला आले. काही वर्षांनी घरात ओव्हन आला. केक, बिस्किटं, ॲपल पायसुद्धा जमायला लागला. पहिल्यांदा नानकटाई केली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कुणी शिकवली? माहेरच्या शेजारच्या काकूंनी, मी म्हणाले. एवढं तरी बोलले म्हणून मला बरं वाटलं.

त्यांनी काकूंचं आडनाव विचारलं. मी म्हणाले, आठवत नाही.