वॉलमन काकांचे शिळे पाणी

अठरा मे, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. रक्तातले सोडियम एकशे बारा. किमान एकशे पस्तीस हवे. लातूरच्या रुग्णालयात काका काकूलाच "बाई, तुम्ही कोण?" असे विचारत होते. मी नांदेडहून नुकतीच पोहोचले होते. मी आकडा वहीत टिपला.

काका माझे चुलते. नळयोजनेचे कॉक उघडण्याचे काम करत, म्हणून साऱ्या गल्लीचे वॉलमन काका. वाया जाणारे पाणी त्यांना पाहवत नसे. आठवड्याने नळ आला की घरोघर उरलेले पाणी शिळे म्हणून ओतून देत. काका आपल्या घरचे ते पाणी पिऊन टाकत.

"ओता की मोरीत," काकू म्हणे.

"लोक घागरीसाठी भांडून राहिले, अन् मी ओतू? आण इकडं."

या उन्हाळ्यात रक्तदाबासाठी त्यांनी मीठ सोडले होते; गोळी उरलेसुरले मीठ लघवीवाटे काढत होती. त्यावर हे तांब्यांमागून तांबे. रक्तातले मीठ विरळ झाले की पाणी मेंदूच्या पेशींत शिरते.

माझे संशोधन नेमके याच वाटेवरचे. दिवाळीत त्यांना समजावले होते, "पेशीच्या पडद्यात पाण्याची दारे असतात, काका. पेशी फुगू लागली की आत कॅल्शियमचा निरोप जातो आणि राखीव दारेही पडद्यावर येऊन बसतात."

"म्हंजी पूर येऊन राहिला, अन् तुझा वॉलमन आणखी कॉक खोलून राहिला? सस्पेंड करा त्याला."

"तो निरोप अडवायचा कसा, तेच शोधते आहे."

"मग लई उशीर लावू नको."

उशीर झालाच होता. सोडियम घाईने वाढवले तर मेंदूलाच इजा होते, म्हणून डॉक्टर ते थेंबाथेंबाने चढवत होते. दुसऱ्या दिवशी काकांना आकडीचा झटका आला, उलटी फुप्फुसात गेली. मग रोज आकडा चढू लागला आणि श्वास उतरू लागला. मी दोन्ही टिपत राहिले; दुसरे काही माझ्या हाती नव्हते.

एकदा त्यांनी डोळे उघडले. "कोणत्या गल्लीचा कॉक चालू हाय?"

"सगळे बंद केलेत, काका."

"मग बरं."

शेवटचा अहवाल प्रयोगशाळेतून मोबाइलवर आला, तेव्हा काकांना घरी नेऊन अखेरची आंघोळ घालत होते. काकूने पिंपातले शिळे पाणीच काढायला लावले होते. मी दारात उभी राहून आकडा टिपला.

सोडियम : एकशे छत्तीस.